रुपालीताईंचं जाहीर आव्हान

अक्षर चांगलं असलं की माणसाला आपलं शुद्धलेखनही चांगलंच आहे असं वाटायला लागतं, आणि गंमत म्हणजे चारचौघांनाही तसंच वाटतं. चाकणच्या एका कंपनीत गेटाजवळच्या फळ्यावर आठवड्याचा सुविचार रुपाली लिहायची. 'सुरक्षितता हीच खरी सूंदरता' असं तिनं एकदा लिहिलं होतं. सूंदरतेचा सू चांगला लांबलचक. चारशे माणसं आठवडाभर त्याखालून आत गेली आणि बाहेर आली, कुणी हूं की चूं केलं नाही. उलट मॅनेजर साहेबांनी फोटो काढून घरी पाठवला.

कंपनी दुचाकीचे सायलेन्सर बनवायची. रुपाली तिथं तपासणीला होती. सायलेन्सर पाण्यात बुडवायचा, आत हवा सोडायची, आणि कुठून बुडबुडा येतो का ते बघायचं. बुडबुडा आला तर माल परत. ती लातूरकडून लग्न होऊन निगडीला आली तेव्हा याच कंपनीत झाडू मारायला लागली होती. तपासणीच्या टाकीपाशी उभं राहायला तिला सात वर्षं लागली. त्यामुळं त्या टाकीपाशी ती अशी उभी राहायची की पाण्यानंसुद्धा विचारून बुडबुडा सोडावा.

आता, विजेवरच्या गाडीला सायलेन्सर नसतो. इतकी साधी गोष्ट, पण लाइनवरच्या बेचाळीस बायकांना ती दिवाळीच्या तोंडावर मीटिंग घेऊन सांगावी लागली. मार्चमध्ये लाइन बंद. शेजारच्या शेडमध्ये बॅटरी जोडायची नवी लाइन येतेय, पण तिथं ठेकेदार नवी पोरं-पोरी आणणार. "तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, हाऊसकीपिंगमध्ये सामावून घेऊ," असं मोठ्या मायेनं सांगण्यात आलं. हाऊसकीपिंग म्हणजे झाडू. रुपालीला त्या दिवशी डबा गेला नाही.

बरं, तिचं विजेच्या गाड्यांशी वाकडं होतं म्हणावं तर तेही नाही. तिचा नवरा नवनाथ विजेवरची सिटी बस चालवायचा. पूर्वी डिझेलची बस चालवून घरी आला की बाहेरूनच ओरडत बोलायचा, कारण त्याच्या कानात इंजिन चालूच असायचं. आता माणसासारखा बोलतो. आणि रुपालीनं ती नवी शेड काचेतून पाहिली होती. लख्ख उजेड, धूर नाही, वेल्डिंगच्या ठिणग्या नाहीत, पांढरे कोट घालून उभं राहायचं. बघताक्षणी तिच्या मनानं घेतलं की आपण इथं उभं राहायचं. नवं येऊ नये असं तिला वाटतच नव्हतं. नव्यात आपणही असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

रस्ता दाखवला नेहानं. नेहा तिच्या शेजारच्या टाकीवर होती. पिंपरीची, आयटीआय झालेली, हातात पडेल ते छापील वाचणारी. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये तिनं मोबाईल रुपालीच्या नाकासमोर धरला.

"ताई, हे विधेयक बघ. सगळ्या कारखान्यांच्या पत्र्यावर सोलर. शहरातल्या सगळ्या बस विजेच्या. उद्योगांची निम्मी वीज ऊन-वाऱ्याची, आणि तीही ठरलेल्या मुदतीत. आणि आता हे अठरावं कलम वाच."

अठराव्या कलमात लिहिलं होतं की स्वच्छ ऊर्जेपायी जी लाइन बंद होईल, तिच्यावरच्या माणसांना पूर्ण पगारावर शिकवायचं आणि नव्या लाइनवर पहिला हक्क त्यांचा. रुपालीनं ते तीनदा वाचलं.

"मग अडलंय कुठं?"

"विधान परिषदेत झालंय. विधानसभेत दोन अधिवेशनं नुसतं पुढं ढकलतायत. ज्या पट्ट्यात इतके कारखाने, तिथलेच आमदार तोंड उघडत नाहीत म्हटल्यावर सरकारला कसली घाई?"

बायकांनी त्या विधेयकाचं नाव ठेवलं 'उन्हाचा कायदा', आणि आमदार उद्धवरावांना निवेदन दिलं. मग दुसरं दिलं. मग तिसरं. निवेदन देताना फोटो काढायचा असतो, तसा प्रत्येक वेळी निघाला. उद्धवरावांचे स्वीय सहायक चिमाजी कागद घेत, साहेब हसत, बायका हसत, कागद जाई तो जाईच. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं. मार्चच्या आत कायदा व्हायचा तर ही शेवटची संधी होती.

"कागद वाचत नाहीत साहेब," नेहा म्हणाली. "फ्लेक्स मात्र सगळेच वाचतात. आपला बुद्धभूषण आहे की."

बुद्धभूषण हा नेहाचा भाऊ. पिंपरीत त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "फोटो कुणाचा?" फोटो नको म्हटल्यावर तो दुखावलाच. फोटोशिवाय फ्लेक्स कुणी बघत नाही, असं त्याचं अनुभवाचं मत होतं. शेवटी रुपालीचा लग्नातला, हात जोडलेला फोटो ठरला. मजकूर अर्थातच रुपालीनं स्वतःच्या हातानं लिहून दिला. बुद्धभूषणनं छापायच्या आधी व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारलं, "ताई, शब्द नीट बघून घे." रुपालीनं फोटोत आपण जाड दिसत नाही ना, एवढं नीट बघितलं आणि अंगठा पाठवला.

फ्लेक्स निगडीच्या चौकात लागला. महापालिकेची रीतसर परवानगी, आठ दिवसांची, कोपऱ्यात नंबर छापलेला. सगळं नियमानं झालं होतं, आणि तिथंच पुढची सगळी भानगड सुरू झाली.

सकाळी सातला दार वाजलं. शेजारच्या मंजुळाबाई. जुन्या गावठाणातल्या, कुणाचं बारसं असो की भांडण, पहिला पाय त्यांचा.

"व्हय गं रुपे, उभी राहायलीस आन् आमाला सांगितलं बी न्हाई?"

"कुठं उभी राहायली मी?"

"विलेक्शनला! समदा चौक बोलतोय. आगं, उद्धवरावाला पाडायचं म्हंजी खेळ हाय का? पर म्या तुलाच देनार मत. त्यानं आमच्या गल्लीचं गटार अजून केलं न्हाई."

रुपालीला वाटलं म्हातारी अर्धवट झोपेतून उठून आली. तेवढ्यात फोन वाजला. एका पक्षाचे तालुकाध्यक्ष होते, आवाजात तूप. ताईंचं धाडस त्यांना फार आवडलं होतं. लगेच दुसरा फोन, दुसरा पक्ष, त्यांना धाडस आणखी जास्त आवडलं होतं. तिसरा फोन बँडवाल्याचा. नवनाथ पहिल्या फेरीला बस घेऊन गेला होता, तो चौकातून ओरडला, "रुपाली, येडी झालीस का? अगं काय लिहिलंयस हे?" इतका मोठ्यानं तो डिझेलच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच बोलत होता.

कंपनीच्या बसमध्ये नेहा डोक्याला हात लावून बसली होती. तिनं फोटो दाखवला. वर रुपाली हात जोडून, पाच फूट. त्याखाली लालभडक अक्षरात, एका ओळीत दोन माणसं झोपतील एवढं मोठं:

'आमदार मा. उद्धवराव साहेब यांना सौ. रुपालीताईंचे जाहीर आव्हान!'

आणि एकदम तळाला, चष्मा लावून वाकलं तरच दिसेल एवढं बारीक: 'उन्हाचा कायदा याच अधिवेशनात मंजूर करून घ्या.'

"बरोबर तर आहे," रुपाली म्हणाली.

"ताई, आवाहन. 'वा'. तू 'व्ह' लिहिलंस."

"मग? एकच की."

"एकच कसं? 'आवाहन' म्हणजे 'या हो साहेब'. 'आव्हान' म्हणजे 'ये, बघतेच तुला'!"

बस तळवड्याच्या सिग्नलला थांबली होती. रुपालीला वाटलं तिथंच उतरावं आणि चालत लातूरला जावं. अकरा वर्षांचे सगळे सुविचार तिच्या डोळ्यांपुढून गेले आणि प्रत्येकात तिला काहीतरी लांबलचक दिसायला लागलं. कंपनीत शिरताना सुपरवायझर रणजीतनं गेट अडवून, कमरेत वाकून मुजरा केला. "या आमदारीणबाई, टाकीचं उद्घाटन करा." निवेदनं सुरू झाल्यापासून तो बायकांची अशीच थट्टा करत होता, आज तर त्याला आयतंच कोलीत मिळालं. रुपाली दिवसभर टाकीतल्या पाण्याकडं बघत राहिली.

"आजच काढायचा तो फ्लेक्स," तिनं ठरवून टाकलं.

तिच्या आधी उद्धवरावांची माणसं तिथं पोचली होती. ती शिडी घेऊनच आली होती. पण शिडीवर चढलेल्याला कोपऱ्यातला परवानगीचा नंबर दिसला आणि तो वरच थबकला. चौकात अठ्ठावीस फ्लेक्स होते आणि परवानगी असलेला हा एकटाच. हा काढला तर बाकीच्या सत्तावीसचा विषय निघणार, आणि त्यातले एकोणीस साहेबांच्या वाढदिवसाचे होते. माणूस निमूट खाली उतरला आणि शिडीसकट निघून गेला; रुपाली पोचली तेव्हा चढायला शिडीच नव्हती, म्हणून फ्लेक्स तसाच राहिला.

साहेबांना तळाचं कुणी सांगितलं नाही, कारण तळाचं कुणी वाचलंच नव्हतं. एक बाई चौकात उभी राहून आव्हान देते, आणि आपण गप्प? तिसऱ्यांदा निवडून आलेला माणूस, त्याच्या मिशीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी निगडीपासून तळवड्यापर्यंत सहा चौकांत सहा फ्लेक्स लागले. उद्धवराव, मिशीवर हात, मागं सूर्य उगवतोय, आणि खाली दोनच शब्द:

'आव्हान स्वीकारले!'

रुपाली आणि नेहा बसच्या खिडकीतून ते बघत होत्या. पहिला फ्लेक्स गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला नेहा फिसकन हसली.

"ताई."

"काय गं?"

"त्यांनी स्वीकारलं."

"काय स्वीकारलं?"

"जे तळाला लिहिलंय ते!"

रुपालीच्या डोक्यात हे शिरायला आणखी एक चौक लागला. आणि शिरलं तशी ती अशी हसत सुटली की ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. त्या दोघींचं हसू बघून मागच्या सीटवरच्या हसायला लागल्या, कशाला हसतोय हे माहीत नसताना. चाकण येईपर्यंत अख्खी बस पोट धरून होती.

शनिवारी सुट्टीच्या दिवशी बेचाळीस बायका कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेल्या. हातात पेढे आणि शाल. मंजुळाबाई त्रेचाळिसाव्या, गटाराचं बोलायला. दोन हातगाडीवाले आणि एक बँडवाला उगाच मागं आले. मोबाईलवर बातम्या देणारे तीन जण कालपासूनच दारात बसून होते. त्यांना कुस्ती बघायची होती.

"साहेब, आव्हान स्वीकारल्याबद्दल सत्कार करायचाय," रुपाली म्हणाली आणि कुणाला काही कळायच्या आत शाल साहेबांच्या खांद्यावर गेलीसुद्धा. मागोमाग नेहानं विधेयकाचा कागद पुढं केला. साहेब हसत होते, पण डोळे चिमाजीकडं होते आणि चिमाजीचे डोळे जमिनीकडं. साहेबांनी चष्मा लावला, मोबाईलवरचा फ्लेक्सचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तळाशी गेले. वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आराम पसरला.

उद्धवराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. राजकारणात यायच्या आधी ते दहा वर्षं शाळेत मराठी शिकवत होते.

"अहो ताई," ते मोबाईलवाल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "तुम्हाला 'आवाहन' म्हणायचं होतं! बघा, एका अक्षरानं केवढा गोंधळ. माझ्या वर्गातली अर्धी मुलं हीच चूक करायची. तुमचं आवाहन मी जरूर ऐकेन, सरकारकडं पाठवेन. फक्त सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका, लिहिताना चूक झाली. म्हणजे तुमचाही फ्लेक्स उतरेल, माझेही उतरतील. विषय संपला."

तीन मोबाईल रुपालीकडं वळले. चूक कबूल केली की ते चौथं निवेदन होणार आणि पहिल्या तिन्हींच्या जोडीला जाऊन पडणार. नाकारावी तर खोटं बोलावं लागणार, आणि बुडबुडा दिसत असताना माल पास करणं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिला मार्च दिसला, झाडू दिसला, आणि काचेपलीकडची ती लख्ख शेड दिसली.

"होय साहेब," ती म्हणाली. "लिहिताना चुकलं."

नेहानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेढ्याकडं हात नेला.

"पण चार दिवस झाले येता-जाता तेच वाचायलेय," रुपाली पुढं म्हणाली, "तर आता तेच बरोबर वाटायलंय."

मग मंजुळाबाईंनी मांडीवर थाप मारली. "आगं बया!" आणि बेचाळीस बायकांनी असा काही गलका केला की बाहेरच्या बँडवाल्याला वाटलं आपली वेळ झाली. त्यानं सुरुवात केली. साहेब काहीतरी बोलत होते, पण ट्रम्पेटच्या पुढं कुणाचं चालतंय? शेवटी ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.

बँड थांबल्यावर ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "सहा चौकांत लावून बसलोय मी. आता स्वीकारलं नाही म्हणून सातवा लावू का?" मग स्वतःच हसले. "बसा ताई. हे अठरावं कलम मला नीट समजावून सांगा. सभागृहात कुणी उलटा प्रश्न केला तर मला उत्तर आलं पाहिजे."

रुपालीनं सांगितलं. तासभर सांगितलं. टाकी, बुडबुडे, ठेकेदार, पत्र्यावरचं फुकट जाणारं ऊन, नवनाथचे कान, सगळं. साहेब वहीत लिहून घेत होते, आणि मध्येच एकदा त्यांनी तिला विचारलंसुद्धा, "'संक्रमण' मधला 'क्र' बरोबर आहे ना?" रुपालीनं मान डोलावली. तिला काय माहीत!

अधिवेशन नागपूरला सुरू झालं. विधेयक चर्चेला आलं त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये नेहाचा मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला होता आणि भोवती बेचाळीस डोकी. उद्धवराव अकरा मिनिटं बोलले. कारखान्यांच्या पट्ट्यातला आमदार बोलतोय म्हटल्यावर इकडचे तिकडचे आणखी चौघं उठले. मग एका सदस्यानं सुचवलं की बाकी सगळं राहू द्या, अठरावं कलम तेवढं वगळा.

"या दुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे," अध्यक्ष म्हणाले.

"होय!" कँटीन गरजलं.

"अगं नाही म्हणा! नाही!" नेहा बाकावर चढून किंचाळली. "हे आपल्याला कापायला निघालेत!"

"नाही! नाही! नाही!" बायकांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. नागपूरला ते पोचलं असं कुणी म्हणणार नाही, पण दुरुस्ती पडली खरी. आता खुद्द विधेयक. अध्यक्षांनी कागद उचलला, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे म्हणाले, आणि या वेळी बेचाळीस बायका बरोबर ठिकाणी 'होय' ओरडल्या. अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि मोबाईलवर ते तसेच राहिले. उघड्या तोंडानं, एक बोट वर. वर गोल गोल फिरायला लागलं.

"रेंज! रेंज कुणाकडं हाय?"

"हलवू नका!"

"हलवा जरा!"

रुपालीनं नेहाचा दंड इतका घट्ट धरला होता की तिथं दुसऱ्या दिवशी चार बोटं उमटली. तिला भीती वाटत होती आणि तरी हसू येत होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. तेवढ्यात दारातून रणजीत आत आला, घड्याळावर बोट ठेवून.

"आमदारीणबाई, सुट्टी संपून दोन मिनिटं झाली. लाइन—"

"...होयचे बहुमत," अध्यक्ष एकदम म्हणाले. "होयचे बहुमत. विधेयक संमत झाले आहे."

मग काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण जो तो वेगळं सांगतो. जग पालथा झाला एवढं नक्की. नेहा बाकावरून रुपालीच्या अंगावर पडली. कुणी भाजीची वाटी हवेत उडवली. रुपाली रडत होती का हसत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं नवनाथला फोन लावला आणि "झालं, झालं, झालं" एवढंच म्हणत राहिली. तिकडून बसमधल्या लोकांच्या टाळ्या ऐकू आल्या.

रणजीत अजून दारातच होता. त्याचं बोट घड्याळावरच राहिलं होतं. गलका जरा ओसरल्यावर तो दोन पावलं पुढं आला.

"रुपालीताई," तो म्हणाला. ताई म्हणण्याची ही त्याची पहिलीच वेळ. "त्या अठरा नंबरात... सुपरवायझर येतो का हो?"

कँटीनमधली सगळी डोकी त्याच्याकडं वळली. इतके दिवस हा माणूस त्यांची टिंगल करत होता, आणि याचीही लाइन तीच, यालाही मार्च तोच, हे बेचाळीस जणींतल्या एकीलाही सुचलं नव्हतं. त्याला तर हाऊसकीपिंगचंही कुणी विचारलेलं नव्हतं.

"येतो," रुपाली म्हणाली. "'लाइनवरील प्रत्येक व्यक्ती' असं लिहिलंय त्यात. मला पाठ आहे."

रणजीतनं मान हलवली. मग तो जवळच्या बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. नेहानं त्याच्यापुढं आपल्या ताटातली उरलेली शेंगदाण्याची चिक्की सरकवली.

"जरा बसतो," तो म्हणाला. "थांबू दे लाइन."